दुसऱ्या खुर्चीवर कोण? लिंकन, अँड्र्यू जॉन्सन आणि मुक्त गुलामांचा विश्वासघात

१४ एप्रिल ही तारीख आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. बाबासाहेबांच्या जन्माच्या बरोबर २६ वर्षे आधी, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. एवढा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. पुढचा सहसा नसतो. लिंकन गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर कोण बसले? गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या सुमारे चाळीस लाख माणसांचे त्याने काय केले? आणि मुळात त्या माणसाला तिथपर्यंत आणले कोणी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, कारण ते लिंकन यांच्यापाशीच येऊन थांबते.

अमेरिकेत अध्यक्षासोबत उपाध्यक्ष निवडून येतो. मंत्री आवडला नाही तर अध्यक्ष त्याला काढू शकतो, उपाध्यक्षाला काढू शकत नाही. अध्यक्षाचा मृत्यू झाला तर उरलेली सगळी मुदत, सगळे अधिकार उपाध्यक्षाकडे जातात. म्हणून अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा सर्वांत मोठा निर्णय तो सत्तेत येण्याआधीच होऊन गेलेला असतो. मी नसलो तर माझ्या जागी कोण? भाषणात, जाहीरनाम्यात उमेदवार काहीही म्हणो. तो कोणाचे हित टिकवायला निघाला आहे आणि कोणाचे हित गरज पडल्यास सोडून देईल, हे त्याच्या जोडीदाराकडे बघून कळते.

हॅम्लिन गेला, जॉन्सन आला

१८६० साली लिंकन यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून मेन राज्याचे हॅनिबल हॅम्लिन निवडून आले होते. हॅम्लिन गुलामगिरीचे जुने विरोधक. गुलामगिरीच्याच प्रश्नावर त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला होता. गुलामांना मुक्त करा, कृष्णवर्णीयांच्या हाती बंदुका देऊन त्यांना सैन्यात घ्या, असा त्यांचा आग्रह होता. लिंकन यांना पुढे त्याच वाटेने जावे लागले.

जून १८६४ मध्ये बाल्टिमोर शहरात पक्षाचे अधिवेशन भरले. यादवी युद्धाला तीन वर्षे झाली होती, प्रेतांचे ढीग पडत होते, लोक थकले होते. लिंकन पुन्हा निवडून येतील याची खात्री नव्हती. युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट मतदार जोडून घ्यावेत म्हणून रिपब्लिकन पक्षाने निवडणुकीपुरते 'नॅशनल युनियन पार्टी' असे नावही घेतले. नाव बदलले, मग जोडीदारही बदलला. हॅम्लिन बाजूला पडले आणि टेनेसी राज्याचा अँड्र्यू जॉन्सन आला. दक्षिणेतला, डेमोक्रॅट, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः गुलामांचा मालक.

ही निवड लिंकन यांनी स्वतः केली की अधिवेशनाने, यावर जुना वाद आहे. १८९१ साली हॅम्लिन वारले तेव्हा लिंकन यांचे दोन निकटवर्तीय, अलेक्झांडर मॅक्क्लूर आणि जॉन निकोले, यावरून वर्तमानपत्रांतून जाहीर भांडले. लिंकन यांनीच आतून सूत्रे हलवली, असे मॅक्क्लूरचे म्हणणे. निकोलेने ते साफ नाकारले. उपाध्यक्षपदाच्या बाबतीत आपण हस्तक्षेप करू इच्छित नाही, असे लिंकन यांनी लेखी कळवले होते, एवढे नक्की. पण या वादाने आपला प्रश्न सुटत नाही. त्यांनी निवडले असेल तर निर्णय त्यांचा. निवडले नसेल, तर आपल्या जागी कोण बसणार हा प्रश्न त्यांनी इतरांवर सोडला. तोही निर्णयच आहे.

त्याच अधिवेशनातली आणखी एक गोष्ट बघा. टेनेसीच्या प्रतिनिधींना मताच्या अधिकारासह आत घेतले गेले. दक्षिण कॅरोलिनाहून आलेल्या प्रतिनिधींना मात्र जागा नाकारली गेली. त्यांच्यात कृष्णवर्णीय होते. त्यांतले एक नाव रॉबर्ट स्मॉल्स. मे १८६२ मध्ये या गुलाम खलाशाने चार्ल्सटन बंदरातून 'प्लँटर' ही शत्रूची बोट पळवली होती आणि आपल्या बायकामुलांसह, साथीदारांसह स्वातंत्र्य मिळवले होते. ज्याने जिवावर उदार होऊन संघराज्याच्या आरमाराला बोट आणून दिली, त्याला मत नाही. ज्याने गुलाम पाळले, त्याला उपाध्यक्षपद.

शत्रूचा शत्रू

जॉन्सनला उमेदवारी मिळाली ती फुकट नाही, हेही सांगितले पाहिजे. तो १८०८ साली नॉर्थ कॅरोलिनात अत्यंत गरीब गोऱ्या घरात जन्मला. तीन वर्षांचा असताना बाप गेला. लहानपणीच त्याला शिंप्याच्या दुकानात कामाला बांधून टाकले, तिथून तो पळाला. शाळेचे तोंड पाहिले नाही. लिहिणे सुधारले ते बायकोच्या मदतीने. टेनेसीत स्वतःचे शिंप्याचे दुकान चालवत तो नगराध्यक्ष, काँग्रेसचा सदस्य, गव्हर्नर आणि सिनेटर झाला. १८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी तो एकटाच आपल्या जागेवर बसून राहिला. त्याला धैर्य लागते. १८६२ मध्ये लिंकन यांनी त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर नेमले.

दक्षिणेच्या मळेवाल्या सरदारांविरुद्ध जॉन्सन आग ओकत असे. देशद्रोह्यांना कंगाल केले पाहिजे, त्यांचे मोठे मळे जप्त करून लहान शेते पाडून विकली पाहिजेत, असे तो १८६४ मध्ये जाहीर सभेत बोलला. ऑक्टोबर १८६४ मध्ये नॅशव्हिलला कृष्णवर्णीयांच्या जमावापुढे तर त्याने, मीच तुमचा मोझेस होईन, अशी गर्जना केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण मित्रांनो, भाषण बाजूला ठेवून कृती तपासू. लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून टेनेसीला वगळण्यात आले, ते जॉन्सनच्या आग्रहामुळे. स्वतःचे गुलाम त्याने ऑगस्ट १८६३ मध्ये सोडले, म्हणजे वारे फिरल्यावर. त्याचा राग मळेवाल्यांवर होता, कारण ते त्याच्यासारख्या गरीब गोऱ्याला तुच्छ लेखत. गुलामाला माणूस म्हणून उभे करायचे, हे त्या रागात कुठेच नव्हते. मळे फोडून 'कष्टाळू माणसांना' द्यायचे म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढचा कष्टाळू माणूस गोराच होता.

हे आपल्याला नवे नाही. वरच्या पायरीवर चिडलेला मधल्या पायरीवरचा माणूस खालच्या पायरीचा मित्र असतोच असे नाही. वर दाबणारा नको, पण खाली दाबायला कुणीतरी हवे, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या मांडणीत दाखवून दिले आहे. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी १९३५ च्या आपल्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात जॉन्सनची चिकित्सा गरीब गोरा म्हणूनच केली. याच डू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. दोन देशांतल्या दोन अभ्यासकांना एकच रोग दिसत होता.

फ्रेडरिक डग्लस यांना तर तो एका नजरेत दिसला. ४ मार्च १८६५, शपथविधीचा दिवस. जॉन्सन दारू पिऊन आला आणि सिनेटमध्ये असंबद्ध बरळला. पण डग्लस यांच्या लक्षात राहिले ते दुसरेच. लिंकन यांनी जॉन्सनला बोटाने दाखवले, तो बघा डग्लस. त्या क्षणी जॉन्सनच्या चेहऱ्यावर आधी तिरस्कार उमटला, मग भानावर येऊन त्याने हसू आणले. हा माणूस आपल्या लोकांचा मित्र नाही, हे डग्लस यांनी तेव्हाच ओळखले. जन्मभर अशा नजरा झेललेल्या माणसाला ते कळले. ज्याच्यावर अशी नजर कधी पडलीच नव्हती, त्या लिंकन यांना कळले नाही.

सहा आठवड्यांत जॉन्सन अध्यक्ष झाला.

जमीन दिली, जमीन काढली

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी सव्हाना येथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले होते, तुम्हाला काय हवे? त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर यांनी सांगितले, जमीन. आमची जमीन आम्ही कसू आणि आमचे पोट आम्ही भरू. चार दिवसांत शर्मन यांनी आदेश काढला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरचे सोडून दिलेले मळे मुक्त झालेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त चाळीस एकरांच्या तुकड्यांत द्यायचे. सुमारे चाळीस हजार माणसे सुमारे चार लाख एकरांवर स्थिरावली. पेरणी झाली, घरे उभी राहिली.

जॉन्सनने २९ मे १८६५ रोजी माफीचा जाहीरनामा काढला. बंड केलेल्यांनी निष्ठेची शपथ घेतली की माफी, आणि गुलाम सोडून बाकी सगळी मालमत्ता परत. वीस हजार डॉलरांहून जास्त संपत्ती असलेल्यांना मात्र वैयक्तिक अर्ज करायचा होता. ज्या सरदारांनी शिंप्याच्या पोराला कधी दारात उभे केले नव्हते, ते आता हात जोडून अर्ज घेऊन आले आणि त्याने हजारोंनी माफ्या वाटल्या. मळेवाल्यांविरुद्धची सगळी गर्जना तिथे विरली. त्याला त्यांना संपवायचे नव्हतेच, त्यांच्याकडून सलाम हवा होता.

माफीसोबत जमीन परत गेली. ऑक्टोबर १८६५ मध्ये जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगू लागले की जमीन सोडा, जुन्या मालकांशी जुळवून घ्या, त्यांना क्षमा करा. लोकांनी तिथेच नकार दिला आणि नंतर लेखी उत्तर पाठवले. हॉवर्ड यांचा उजवा हात लढाईत गेला होता. लोकांनी लिहिले त्याचा आशय असा: तुम्ही लढाईत हात गमावलात, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून झोडपले, आणि आता माझी मजुरी स्वस्त राहावी म्हणून इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, त्याला क्षमा करणे सोपे नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे पत्र परके वाटणार नाही.

जमीन गेली, मग कायदे आले. १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलिनाने सुरुवात केली आणि इतर राज्ये मागून आली. या कायद्यांना 'ब्लॅक कोड' म्हणतात. मिसिसिपीत दर जानेवारीत वर्षभराच्या कामाचा लेखी करार दाखवायचा. नसेल तर भटका म्हणून अटक आणि दंड. दंड भरला नाही तर जो भरील त्याच्याकडे राबायचे. गावाबाहेर शेतजमीन भाड्यानेही घ्यायची नाही. साखळी काढली आणि कागद बांधला.

७ फेब्रुवारी १८६६ रोजी डग्लस आणि त्यांचे सहकारी जॉन्सनला भेटून मताचा अधिकार मागत होते. जॉन्सनने त्यांनाच लांबलचक व्याख्यान दिले. गुलाम आणि त्याचा मालक मिळून गरीब गोऱ्याला दाबत होते, असे त्याचे तर्कशास्त्र. तुम्ही देश सोडून जावे, हा त्याचा सल्ला. 'मोझेस' दीड वर्षात इथवर आला होता. नंतर त्याने मुक्त गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स ब्युरोचे विधेयक व्हेटो केले आणि २७ मार्चला नागरी हक्कांचे विधेयकही.

तो कायदा आणि बाबासाहेब

इथे जरा थांबू, कारण या विधेयकाचा आपल्याशी थेट संबंध आहे. अमेरिकेत जन्मलेले नागरिक, करार, मालमत्ता, साक्ष, कोर्टात दाद मागणे यांत गोऱ्यांइतकेच हक्क कृष्णवर्णीयांना, असे ते विधेयक होते. जॉन्सनचा व्हेटो काँग्रेसने दोनतृतीयांश बहुमताने मोडून काढला आणि ९ एप्रिल १८६६ ला कायदा झाला. अमेरिकेच्या इतिहासात इतका महत्त्वाचा कायदा अध्यक्षाच्या व्हेटोवर मात करून पहिल्यांदाच झाला.

१९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात समान हक्कांच्या कलमाला त्यांनी याच १८६६ च्या कायद्याचा आधार दिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही या कायद्याचा उल्लेख आहे. म्हणजे लिंकन यांच्या जोडीदाराने जो कायदा मारायचा प्रयत्न केला, तो वाचला आणि साठपासष्ट वर्षांनी आपल्या हक्कांच्या मसुद्यात उतरला. बाबासाहेब अमेरिकेचा इतिहास दिव्य पुरुषांच्या कथा म्हणून वाचत नव्हते. वाचवणारे काय आणि बुडवणारे काय, हे शोधत वाचत होते. म्हणूनच लिंकन यांचेही त्यांनी देव्हारे माजवले नाहीत. संघराज्य वाचवणे हेच आपले मुख्य ध्येय, गुलामगिरी टिकवणे वा मोडणे हे नव्हे, असे लिंकन यांनी १८६२ मध्ये होरेस ग्रीली यांना लिहिले होते. त्या पत्राचा दाखला देऊन बाबासाहेबांनी स्वराज्य आणि अस्पृश्यता यांबद्दलच्या गांधींच्या भूमिकेची तुलना लिंकन यांच्याशी केली.

जॉन्सनची निवड ही त्या पत्राचीच पुढची ओळ आहे. संघराज्याशी एकनिष्ठ आहे ना? मग चालेल. मुक्त होणाऱ्या गुलामांशी एकनिष्ठ आहे का, हा प्रश्न निवडीच्या निकषांत नव्हताच. लिंकन स्वतः बदलत होते, हे खरे. ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताचा अधिकार असावा असे जाहीरपणे म्हटले. पण माणूस बदलत गेला आणि त्याने ठेवलेला वारस तिथेच राहिला.

लिंकन यांची बाजूही ऐकू

त्यांचे समर्थक म्हणतील, निवडणूक हरले असते तर गुलामगिरी पुन्हा पक्की झाली असती. जिंकण्यासाठी दक्षिणेतला एकनिष्ठ माणूस हवा होता. युक्तिवाद पोकळ नाही. पण हिशेब बघा. सप्टेंबरमध्ये अटलांटा पडले, वारे फिरले आणि लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी जिंकले. ज्या टेनेसीच्या माणसाला घेतले, त्या टेनेसीची मते काँग्रेसने मोजलीसुद्धा नाहीत. लाभ एका निवडणुकीपुरता, तोही संशयास्पद. तोटा पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आणि हे घडेल असे कुणाला वाटले नव्हते, असेही म्हणता येत नाही. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन महिन्याभरात वारले आणि जोडीदार म्हणून घेतलेला व्हर्जिनियाचा गुलाममालक टायलर अध्यक्ष झाला. त्याने टेक्सास हे गुलामगिरीचे राज्य संघराज्यात आणण्याचा मार्ग मोकळा केला. १८५० मध्ये अध्यक्ष टेलर वारले, फिलमोर आला आणि पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या कायद्यावर त्याने सही केली. पंचवीस वर्षांच्या आत दोनदा धडा मिळाला होता. त्यात लिंकन यांना ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या.

उलटे उदाहरणही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १९६० मध्ये केनेडी यांनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना घेतले, तेही दक्षिणेच्या मतांसाठीच. केनेडींच्या हत्येनंतर याच जॉन्सन यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा केला. मग फरक कुठे पडला? एक तर कृतीत. वर्णभेदाच्या समर्थनार्थ दक्षिणेच्या खासदारांनी १९५६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नव्हती आणि १९५७ चा नागरी हक्क कायदा, कमकुवत का होईना, सिनेटमधून पार नेला होता. दुसरा फरक रस्त्यावर होता. माँटगोमेरी, बर्मिंगहॅम, सेल्मा इथे लोक संघटित उभे होते आणि उत्तरेतल्या कृष्णवर्णीयांच्या हाती मत होते. १८६५ च्या मुक्त गुलामाच्या हाती ना मत होते, ना जमीन.

काँग्रेसने पुढे लढा दिला. चौदावी आणि पंधरावी घटनादुरुस्ती आली, मे १८६८ मध्ये जॉन्सन महाभियोगातून एका मताने सुटला, १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा ही आशा जिवंत होती. पण मळेवाले हरून हादरलेले होते, जमीन वाटता येत होती, ती पहिली दोन वर्षे जॉन्सनने त्यांना परत उभे राहण्यासाठी दिली. १८७७ मध्ये उत्तरेने हात झटकले तेव्हा जमीन, कोर्ट, बंदूक सगळे जुन्याच हातांत होते.

म्हणून कोणत्याही नेत्याला, कोणत्याही आघाडीला पाठिंबा देताना पहिल्या खुर्चीवरच्या फोटोला हार घालून थांबू नका. दुसऱ्या खुर्चीवर कोण आहे ते बघा. तो कोणाच्या विरोधात ओरडतो, एवढ्यावर भुलू नका. हातात सत्ता असताना त्याने आपल्यासाठी काय केले, ते विचारा. आणि ही निवड झाली त्या खोलीत आपल्याला मत होते का, की रॉबर्ट स्मॉल्सप्रमाणे दाराबाहेर उभे केले होते, हेही विचारा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावून ठेवले आहे. लिंकन यांच्यासारख्या माणसालाही हे प्रश्न विचारायला हवे होते. मग आजच्या नेत्यांना का विचारू नयेत?

जय भीम!